लिदिया पाव्लोव्नांची मराठी

“राजश्री हिंदुराव चव्हाण, आपले येणे जाहले, चित्त बहुत संतोष पावले. जोडे दाराशी ठेवावे आणि आंत यावे.”

दार उघडणाऱ्या रशियन बाईंच्या तोंडून हे ऐकलं, आणि कितीतरी महिन्यांनी माझ्या तोंडून मराठी शब्द बाहेर पडला तो “आयला!” असा.

बाईंनी मान तिरकी केली. “आयला,” त्यांनी तो शब्द हळूच घोळवून पाहिला. “हा शब्द आमचे कोशात नाही. अर्थ सांगावा.”

अर्थ सांगण्याऐवजी मी खाली वाकून जोडे काढायला लागलो.

ही १९७४ सालच्या मार्चमधली गोष्ट. लेनिनग्राडमधली नेवा नदी अजून गोठलेली होती आणि लोक तिच्यावरून चालत पलीकडे जात होते. मी गडहिंग्लजजवळच्या एका खेड्यातला. शिष्यवृत्ती मिळवून टर्बाईनचं शिक्षण घ्यायला तिथं गेलो होतो. वसतिगृहात हिंदुस्थानी पोरं होती, पण कुणी केरळचा, कुणी बंगालचा, एक जालंधरचा. मराठी बोलायला आरसाच तेवढा होता. अशात एके दिवशी आमच्या कचेरीतल्या बाईंनी बोलावून सांगितलं, “प्राच्यविद्येच्या संस्थेतल्या कुणा लिदिया पाव्लोव्नांना मराठी माणूस हवाय. तू मराठीच ना?” मला वाटलं, कपाटं वगैरे हलवायची असतील. मराठी माणसाला परदेशात आणखी कशाला कोण बोलावणार?

लिदिया पाव्लोव्ना पन्नाशीच्या पुढच्या. उंच, काटक, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. जुन्या इमारतीतल्या एका मोठ्या बिऱ्हाडात त्यांची एकच खोली; स्वयंपाकघर चार कुटुंबांत मिळून. खोलीत जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं. खिडकीच्या दोन काचांमधल्या फटीत दूध आणि लोणी ठेवलेलं, कारण तिथं बाहेरची थंडी फुकट मिळते.

चहा घेता घेता त्यांनी रशियनमध्ये सगळं सांगितलं. गेली तीस-बत्तीस वर्षं त्या मराठी वाचत होत्या. बखरी, पेशवेकाळातली पत्रं, जुने कागद. त्यांचे त्या रशियनमध्ये अनुवाद करायच्या. पण जिवंत माणूस मराठी बोलताना त्यांनी आजवर एकदाही ऐकला नव्हता.

“तू पहिला,” त्या म्हणाल्या.

मी खुर्चीत सरळ बसलो. आपल्या भाषेचा पहिला माणूस म्हणून आपल्याला कुणी बघतंय म्हटल्यावर अंगावर जरा जबाबदारी येते.

अडचण अशी होती. संस्थेतून एका माणसाला सहा महिने हिंदुस्थानात पाठवायचं होतं. उमेदवार दोन, एक हिंदीचा तरुण अभ्यासक आणि दुसऱ्या या. संस्थेचे संचालक म्हणाले होते, “लिदिया पाव्लोव्ना, तुमच्याइतकं वाचलेला माणूस नाही हे मान्य. पण तिथं जाऊन तुम्ही बोलणार कशा?” जूनमध्ये महाराष्ट्रातून प्राध्यापकांचं एक मंडळ येणार होतं. मंडळाचे प्रमुख बाईंशी बोलणार आणि यांची मराठी चालते की नाही ते सांगणार. त्यावर सगळं ठरायचं होतं.

“मला बोलायला शिकव,” त्या म्हणाल्या, आणि मग मराठीत पुढची विनंती केली, “येविषयी अनमान करू नये. सेवक उपकृत होईल.”

“पयलं म्हंजे,” मी म्हणालो, “ते सेवक सोडा.”

“सोडा म्हणजे त्यागावे?”

“व्हय.”

“व्हय,” त्यांनी समोरच्या कागदावर टिपलं. “हे क्रियापद की अव्यय?”

“व्हय म्हंजे व्हय.”

अशी आमची शिकवणी सुरू झाली.

पहिली ठेच लागली ती ‘च’ आणि ‘ज’ला. बाईंनी दोन्ही अक्षरं आयुष्यभर डोळ्यांनी वाचलेली. ती दोन-दोन तऱ्हांनी म्हणतात हे पुस्तकात कुठून कळणार? त्या म्हणायच्या, “जरा थांबा,” आणि त्यातला ‘ज’ ‘जेवणा’तला. मी म्हणालो, “मावशी, अशानं त्याचा अर्थ ‘म्हातारपणा, थांब’ असा हुतो. जाळ्यातला ज म्हना. जीभ दाताला लावा.” त्यांनी जीभ दाताला लावली, आणि मग खळखळून हसल्या. “म्हातारपणास थांब म्हणावयाचे असल्यास पहिलाच ज ठेवितो की!”

चमच्यातला ‘च’ मात्र त्यांना एका दमात आला, कारण तो आवाज त्यांच्या भाषेत होताच. मग दिवसभर स्वयंपाकघरात “चार चमचे, चार चमचे” असा जप चालला. शेजारच्या खोलीत येगोर कुझ्मिच म्हणून निवृत्त ट्रामचालक राहायचे. त्यांनी मला दारात गाठून विचारलं, “काय रे, ही कसली प्रार्थना आहे?”

मावशी हे माझ्या तोंडात आपोआप आलं. लिदिया पाव्लोव्ना असं म्हणेपर्यंत चहा निवायचा. त्यांनी कोशात पाहिलं, “मातेची भगिनी” असा अर्थ निघाला, आणि त्या कोश मिटून उठल्या आणि माझ्यापुढं मुरंब्याची बशी ठेवली.

बाजारात कसं बोलायचं ते शिकवायला मी त्यांच्या पलंगावर बटाटे मांडून भाजीवाला झालो. त्या गिऱ्हाईक.

“हे भाजीवाले,” त्या दूर उभं राहून म्हणाल्या, “तुमची वांगी उत्तम प्रतीची दिसत नाहीत. सबब आम्ही घेत नाही.”

“असं न्हाई मावशी. भाजीवाला पळूनच जाईल. असं म्हना : किडकी वांगी गळ्यात मारतोस व्हय रं?”

“परंतु तो परका पुरुष. त्यास ‘रे’ म्हणावे?”

“त्याला बरं वाटतंय. घरातलं माणूस आल्यागत.”

त्या पलंगाजवळ आल्या, एक बटाटा उचलला, माझ्या नाकासमोर धरला आणि अशा आवाजात “किडकी वांगी गळ्यात मारतोस व्हय रं!” म्हणाल्या की मी खरोखर दोन पावलं मागं सरलो. येगोर कुझ्मिच दारातून डोकावले. भांडण नाही असं पाहून त्यांनी विचारलं, “तिच्याकडून मलाही काही शिकता येईल का? ट्रामच्या थांब्यावर उपयोगी पडेल.” त्यानंतर मी गेलो की ते दार उघडून मोठ्यानं म्हणायचे, “काय पावणं!” त्यांना तेवढंच यायचं, पण ते अगदी कागलच्या माणसासारखं यायचं.

महिनाभरानं बाईंनी माझी उलटतपासणी घेतली. “हिंदुराव, आमच्या देशातली कोणती कादंबरी वाचलीस?”

“एकबी न्हाई.”

त्या रशियनवर आल्या. रागावल्या की त्या रशियनवर यायच्या. “इतकी वर्षं इथं राहतोस! आमची भाकरी खातोस! लाज नाही वाटत?”

“टर्बाईनच्या पुस्तकात कादंबऱ्या नसतात, मावशी.”

“मग ठरलं. तू मला बोलायला शिकव. मी तुला वाचायला शिकवीन.” आणि त्यांनी फळीवरून शंभरेक वर्षांपूर्वीची एक जाडजूड कादंबरी काढली. त्यात राजधानीतले मोठे लोक होते, त्यांची लग्नं होती, आणि मधोमध फ्रान्सच्या सम्राटाची मॉस्कोवरची स्वारी होती. बाईंनी रशियन पान समोर धरलं आणि त्याकडं बघत बघत मराठीत सांगायला सुरुवात केली. मराठी म्हणजे त्यांची मराठी.

पहिलाच प्रसंग नाचाचा निघाला. दिव्यांनी झगमगलेला दिवाणखाना, पहिल्यांदाच आलेली एक लाजरी मुलगी, आणि तिच्याकडे चालत येणारा तरुण अधिकारी.

“मग त्या सरदाराने पुढे होऊन अर्ज केला,” बाई गंभीरपणे म्हणाल्या, “की नाचाचे कामी आपली कुमक व्हावी.”

माझा चहा नाकात गेला. मी खोकत होतो, हसत होतो, डोळे पुसत होतो. बाईंनी थोडा वेळ मान ताठ ठेवली, मग त्यांनाही राहवेना.

“बरे, तुमचेकडे मुलगा मुलीस काय म्हणतो?”

“आमच्याकडं पोरगा पोरीला काय म्हनतच न्हाई. तिच्या दारावरनं सायकल फिरवतो.”

“आणि?”

“घंटी वाजवतो.”

“आणि ती?”

“तिचा बाप भाईर येतो.”

बाई खूप हसल्या. हसताना त्या लहान मुलीसारख्या तोंडावर दोन्ही हात घ्यायच्या. मग त्यांनी बरीचशी पानं ओलांडली आणि त्या लढाईवर आल्या. इथं मात्र त्यांचा आवाज बदलला.

“फ्रांसीस पातशहा अगणित फौज घेऊन मोसकवा शहरावर चालोन आला. शहर हाती आले. परंतु शहरांत मनुष्य नाही, चूल पेटती नाही, कुत्रे मात्र हिंडतात. मग चोहोंकडोन आग लागली. पातशहा म्हणो लागला, हे कैसे लोक, आपली घरे आपण जाळितात! पुढे रसद तुटली. बर्फ पडो लागले. घोडी मेली. तोफा वाटेत टाकिल्या. ज्या वाटेने वाजत गाजत आले, त्याच वाटेने चिंध्या पांघरोन माघारे फिरले.”

मी हसलो नाही. नाचाच्या वेळी जी भाषा पायात पाय अडकून पडत होती, तीच आता घोड्यावर बसून चालली होती. दारात येगोर कुझ्मिच किटली हातात घेऊन उभे होते. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण तेही हलत नव्हते.

“फ्रेंच का?” त्यांनी हळूच विचारलं.

“फ्रेंच,” मी म्हणालो.

“गेले ना परत?”

“निघालेत.”

“बरं झालं,” म्हणून ते पाणी तापवायला गेले.

त्या आठवड्यात मी ग्रंथालयातून ती कादंबरी घेतली आणि शब्दकोश शेजारी ठेवून वाचायला लागलो. टर्बाईनच्या परीक्षेत जेमतेम तरलो.

एक प्रश्न माझ्या डोक्यात सारखा यायचा. तो मी एकदा विचारला. “मावशी, एवढ्या भाषा सोडून तुमी मराठीच का धरलासा? हिंदी हुती, बंगाली हुती.”

बाई किटली उचलायला वळल्या. “पुस्तक हाताशी होते,” त्या म्हणाल्या. “चार चमचे साखर घेणार काय?” दोन्ही तऱ्हांचे ‘च’ बरोबर आले होते, म्हणून मी शाबासकी दिली आणि विषय तिथंच राहिला.

जून उजाडला. बाई आता घडघडा बोलायला लागल्या होत्या. “आवं, कुटं चाललायसा? बसा की वाईच.” “आगं बया, किती वाळलायस!” त्यांची मूळची बखर अधूनमधून डोकं वर काढायची, पण मी खूश होतो. बाईंना घेऊन गडहिंग्लजच्या बाजारात गेलो असतो तर नुसतं बोलणं ऐकून त्या कुणाला परक्या वाटल्या नसत्या.

मग मंडळ आलं. दुभाषी म्हणून त्यांना आणायला मला स्टेशनवर पाठवलं. मंडळात पाच जण. प्रमुख होते पुण्याचे प्राचार्य दामले. पांढराशुभ्र सदरा, वर बंद गळ्याचा कोट, आणि प्रत्येक शब्द घासून पुसून ठेवावा तसं बोलणं. बरोबर मराठीच्या प्राध्यापिका सुनंदाबाई राजाध्यक्ष होत्या, नऊवारी नेसलेल्या, प्रवासानं दमलेल्या पण हसऱ्या.

मोटारीत दामल्यांनी मला विचारलं, “आपण मूळचे कुठले?”

“गडहिंग्लजकडला, सर.”

“अस्सं. आपण ‘आणि’ला ‘आन्’ म्हणालात, म्हणून विचारलं.”

मी बाईंना जे शिकवलं होतं त्यात धड ‘आणि’ एकसुद्धा नव्हता. पाहुण्यांना हॉटेलात सोडलं आणि मी तडक त्यांच्या खोलीवर गेलो.

“मावशी, वाट लागली!”

“वाट लागली?” त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे मार्ग सापडला?”

“न्हाई वो. म्हंजे हुता त्योबी गेला!”

मी त्यांना सगळं सांगितलं. परीक्षक पुण्याचे आहेत. त्यांच्यापुढं ‘जेवलासा काय’ म्हणून चालायचं नाही, ‘आपलं जेवण झालं का’ म्हणावं लागेल. बाईंनी म्हणून पाहिलं. पहिल्यांदा, “आपले भोजन जाहले?” दुसऱ्यांदा, “आपलं जेवान झालं काय?” तिसऱ्यांदा तीन तऱ्हांच्या मराठीची अशी मिसळ झाली की त्या स्वतःच मटकन पलंगावर बसल्या.

“हिंदुराव,” त्या म्हणाल्या, “एका डोक्यात तीन मराठ्या मावत नाहीत.”

“मग आता?”

“आता काय,” त्या म्हणाल्या. “हाय त्ये हाय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मैत्री भवनाच्या छोट्या सभागृहात सगळे जमले. लांब टेबल, चहा, बिस्किटं, मधोमध फुलदाणी. एका बाजूला पाहुणे, दुसऱ्या बाजूला संचालक आणि संस्थेतली चार-दोन माणसं. बाईंनी करड्या रंगाचा एकुलता एक चांगला पोशाख घातला होता. मी दुभाषी म्हणून दोन्ही बाजूंच्या मध्ये उभा होतो.

दामले उठून उभे राहिले, नमस्कार केला. “लिदियाबाई, आपल्या कार्याबद्दल आम्ही ऐकून आहोत. आपल्याला भेटून आनंद झाला. आपण कशा आहात?”

बाईही उठल्या. “बरं हाय की,” त्या म्हणाल्या. “तुमी कसं हायसा? जेवलासा काय?”

क्षणभर कुणाचाच विश्वास बसला नाही. मग सुनंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. पलीकडचे दोघे प्राध्यापक टेबलाखाली काही पडल्यासारखे वाकले. दामल्यांच्या मिशीचं टोक हललं. सगळं मंडळ हसू दाबत होतं आणि ते दाबलं जात नव्हतं.

हसण्यात वाईट काही नव्हतं. उलट परमुलखात अचानक घरचं माणूस भेटल्याचंच हसणं होतं ते. पण बाईंना ते कसं कळणार? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संचालकांनी पाहुण्यांचे चेहरे न्याहाळले आणि शेजारच्या माणसाच्या कानात काहीतरी सांगितलं. शेजारच्यानं मान हलवली. बाईंनी तेही पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

दामल्यांना ते जाणवलं असावं. ते सावरून, मऊपणानं म्हणाले, “बाई, क्षमा करा. आपण फार गोड बोललात. मला फक्त एकच विचारायचं आहे. जगात इतक्या भाषा असताना आपण मराठीच का शिकलात?”

माझाच प्रश्न. मला वाटलं, त्या आता पुस्तक हाताशी होतं असं म्हणून बसतील आणि सगळं संपेल.

बाईंनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. मग बोलल्या, आणि बोलल्या ते त्यांच्या पहिल्या, जुन्या मराठीत.

“सन एकेचाळीस. शहरास वेढा पडला. जर्मनांनी चोहोंकडील वाटा बंद केल्या. रसद तुटली. हिवाळा ऐसा पडला की भिंतीस आंतून बर्फ धरले. आम्ही तेव्हा वीस वर्षांच्या, ग्रंथालयात कामास होतो. लोक रस्त्याने चालता चालता बसत, ते बसलेच राहात. घरी आई गेली. धाकटा भाऊ गेला. आमचे गुरुजी होते. त्यांनी एक पुस्तक आणि एक कोश आमचे हाती दिला. म्हणाले, वाचून संपवावे आणि परत आणून द्यावे. पुढे गुरुजीही गेले.”

संचालकांना मराठी येत नव्हती. पण त्या वर्षी तेही याच शहरात होते. बाईंचा आवाज ऐकून त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

“ते पुस्तक म्हणजे पानिपतची बखर,” बाई म्हणाल्या. “शब्द शब्द कोशात पाहावा, तेव्हा दिवसास एक पान होई. कधी अर्धेच. त्या पुस्तकातही फौजेस वेढा पडला होता. रसद तुटली होती. दाणा नाही, वैरण नाही, माणसे उपाशी. आम्ही वाचीत गेलो. मनात ऐसे आले की, हे लोक पुढे काय करितात, हे समजल्यावाचोन आपण मरू नये. सबब रोज सकाळी उठोन बसत होतो, आणि एक पान वाचीत होतो.”

बाई थांबल्या. सुनंदाबाईंचा पदर अजून तोंडाशीच होता, पण आता त्यामागं हसू नव्हतं.

दामले पुढं झुकले. “आणि,” ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “शेवट कळला तेव्हा?”

बाईंनी मान वर केली. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग दोन्ही हात कमरेवर ठेवले.

“लई राग आला बगा!” त्या म्हणाल्या. “म्हटलं, एवढं उपास काढून हरलासा व्हय रं? बरं, ऱ्हाऊ दे. आता आमी तर काय हरत न्हाई!”

मग सगळं टेबल एकदम फुटलं. सुनंदाबाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या, आणि दोन्ही कामांना एकच पदर पुरत नव्हता. दामल्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. मी तर तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघत होतो आणि मला बाहेरचं काहीच दिसत नव्हतं.

संचालकांनी मला खुणेनं बोलावलं. “विचार त्यांना,” ते रशियनमध्ये म्हणाले, “बोलता येतं का हिला? काम भागेल का?”

मी दामल्यांना विचारलं.

“त्यांना सांगा,” दामले म्हणाले, “उत्तम येतं. गप्प बसवायची वेळ आली तर मात्र आमचं काम कठीण आहे.”

मी ते जसंच्या तसं रशियनमध्ये केलं. संचालक हसले आणि त्यांनी टेबलाला वळसा घालून बाईंचा हात हातात घेतला. तो त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

चहाच्या वेळी दामले बाईंच्या शेजारी येऊन बसले. “बाई, एक सुचवू? ते ‘जेवलासा काय’ पुण्यात जरा जपून वापरा.”

“का वो?”

“लोकांना वाटेल, तुम्ही वाढणार आहात.”

बाईंना यातली मेख कळली नाही. ती त्यांना पुढं पुण्यात गेल्यावर कळली असं त्यांनीच मला सांगितलं.

घरी जाताना आम्ही नदीच्या कडेकडेनं चाललो. आता बर्फ कुठंच नव्हतं. पाण्यावर बोटी होत्या आणि लोक कठड्यावर बसून आईसक्रीम खात होते.

“मावशी,” शेवटी मी म्हणालो, “मी इचारलं तवा मला का सांगितलं न्हाईसा?”

त्यांनी उत्तर रशियनमध्ये दिलं, पण या वेळी त्या रागावलेल्या नव्हत्या. “तू आलास की हसायला मिळायचं,” त्या म्हणाल्या. “ते मला बिघडवायचं नव्हतं.”

मग त्यांनी आम्हा दोघांना आईसक्रीम घेतलं, आणि ते देणाऱ्या पोराला काही कारण नसताना “किडकी वांगी गळ्यात मारतोस व्हय रं?” असं विचारलं. त्यानं आदबीनं मान लववली आणि आणखी एक कागदी रुमाल दिला.

पुढल्या हिवाळ्यात त्या पुण्याला आल्या. मी तोवर परत येऊन आमच्याकडच्या एका साखर कारखान्यात टर्बाईनवर लागलो होतो. उसाचा हंगाम चालू असताना त्या आमच्या गावाला आल्या. रशियाची मडम येणार म्हणून अर्धा गाव आमच्या अंगणात जमलेला. आई मात्र स्वयंपाकघरात जाऊन बसली होती. “मला न्हाई बाबा जमायचं,” ती म्हणत होती. “त्या मोठ्या बाई. मी काय बोलू?”

बाई मोटारीतून उतरल्या, अंगणातल्या सगळ्यांना हात जोडले, आणि “आईसाब कुटं हायत?” असं विचारत सरळ आत गेल्या. आत जाऊन त्या चुलीपुढं जमिनीवर मांडी घालून बसल्या. “भाकरी कशी थापता ते बघू द्या की मला,” एवढं मला ऐकू आलं. नंतर आईचा आवाज आला, भीत भीत. मग थापण्याचा आवाज. मग दोघींचं हसू. मी निश्चिंत होऊन अंगणात लोकांना चहा देत राहिलो.

बऱ्याच वेळानं आत अगदी शांत झालं, तेव्हा मला काळजी वाटली. मी दारातून डोकावलो. तव्यावरची भाकरी एका बाजूनं करपत होती. आईचा पिठानं माखलेला हात बाईंच्या हातावर होता. बाई हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या आणि आई मान हलवत ऐकत होती. दोघींचेही डोळे ओले होते.

माझी सावली पडली तशी आईनं वर पाहिलं.

“तू भाईर हो बगू,” ती म्हणाली. “आमचं दोगींचं चाललंय.”

मी भाकरी उलटली आणि बाहेर आलो.